घरी पॉलिशिंग पॅडं कशी धुता? (आणि आपल्याकडच्या पावसात वाळवता कशी?)

तिसरं_गेट_टिळकवाडी

मंडळी नमस्कार. दसरा तोंडावर आलाय. खंडेनवमीला गाडी पूजेला लावायची तर बोनटवरचे ते गोल गोल ओरखडे काढूनच लावायची, असं यंदा मनावर घेतलंय. मेव्हण्याची बदली पुण्याला झाली. जाताना त्याने आपलं डीए मशीन (फिरता फिरता हेलकावे घेणारं पॉलिशिंगचं मशीन), घासायच्या कंपाउंडच्या अर्ध्या बाटल्या आणि पिशवीभर पॅडं माझ्या गळ्यात मारली. मशीन झकास चालतंय, पण पॅडांकडे बघवत नाही. वापरली तशीच पिशवीत कोंबलेली. फोमची पॅडं वरून खडखडीत झालीत, नखाने टोकरलं की पांढरी पापडी निघते. लोकरीच्या पॅडाच्या जटा झाल्यात. मायक्रोफायबरचं एक आहे, ते त्यातल्या त्यात बरं.

सगळी नवी घ्यायची तर चांगलाच फटका बसेल, म्हणून विचारतो. साबण कुठला वापरायचा? पाणी गरम की गार? सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या स्पिनरमध्ये फिरवून काढली तर चालतील का? आणि मुख्य म्हणजे वाळवायची कुठे? आमच्या घरात सध्या मोजेसुद्धा धड वाळत नाहीत.

अजून एक. निळं, पिवळं, पांढरं अशी फोमची पॅडं आहेत. यातलं कापायचं, म्हणजे ओरखडे घासून काढायचं, कुठलं आणि चमकवायचं कुठलं?

उद्यमबाग_अण्णा

रंगाचं आधी सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. रंगाला कंपनीबाहेर काही अर्थ नाही. रूपेस कंपनीच्या फोममध्ये निळं सगळ्यात कडक, मग हिरवं, मग पिवळं, आणि पांढरं सगळ्यात मऊ. थ्री-एमकडे उलट आहे, त्यांचं निळं शेवटच्या चमकेसाठी. मागच्या बाजूला नाव छापलेलं दिसतंय का बघा. नसेल तर अंगठ्याने दाबून बघा. कडक ते कापायला, लुसलुशीत ते फिनिशिंगला.

आता धुण्याचं. पॅडात काय अडकतं हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. कंपाउंड म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी, तेलकट पातळ द्रव्यात कालवलेली. ती क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासते. घासून निघालेला क्लिअरकोट तिच्यातच मिसळतो आणि सगळा राडा फोमच्या छिद्रांत जाऊन बसतो. मग पॅड कमी कापतं आणि जास्त तापतं. माणसाला वाटतं कंपाउंड कमी पडलं, म्हणून तो अजून ओततो. झाला चिखल! हा चिखल वाळला की त्याचे खडे होतात, आणि पुढच्या वेळी तेच खडे तुम्ही गाडीवर फिरवता. ओरखडे काढायला बसलेला माणूस ओरखडे घालून उठतो तो असा.

म्हणून पॅडाची सफाई काम चालू असतानाच करायची. दीड-दोन फुटांचा एक चौकोन झाला की मशीन उलटं धरायचं, वेग कमी ठेवायचा आणि नायलॉनचा मऊ ब्रश पॅडवर टेकवून मधून कडेला न्यायचा. चार-पाच सेकंद पुरतात. पांढरी धूळ उडताना दिसेल. तोंडाला फडकं बांधा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि उडवताना तोंड गाडीकडे नको. एवढं केलंत तर दिवसअखेरीला धुण्याचं काम निम्मं होतं. एका गाडीला एकच पॅड हा कंजूषपणाही करू नका. कापायची निदान तीन तरी असू द्यात, एक तापलं की दुसरं लावायचं.

आमच्या उद्यमबागेत शेडमध्ये कंप्रेसर असतो, त्यामुळे मी हवा मारतो. मायक्रोफायबरच्या पॅडाला हवेसारखं औषध नाही, दबलेले धागे पुन्हा उभे राहतात. पण आधी टाकीतलं पाणी खालच्या कॉकमधून सोडून द्या. नाहीतर हवेबरोबर पाणी आणि तेलाचे शिंतोडे पॅडात जातात. आणि फाउंड्रीशेजारी हे काम उघड्यावर करू नका. त्या वाळूचा नि लोखंडाच्या भुकटीचा एक कण पॅडात शिरला तरी वाट लागते.

खानापूर_लाल_माती

अण्णा म्हणतात ते बरोबर. मी भर घालतो ती धुण्याच्या क्रमाची.

काम संपलं की पॅड ओलसर असतानाच बादलीत टाका. चहा पिऊन येतो म्हणालात की संपलं. कोमट पाणी, म्हणजे हात घातल्यावर बरं वाटेल एवढंच. उकळतं नको. पॅडाचा फोम आणि मागचा वेल्क्रोचा थर गोंदाने चिकटवलेले असतात, आणि गरम पाण्याने आधी तो गोंद सुटतो. त्यात ऑल पर्पज क्लीनर, एकाला दहा पाणी. तो नसेल तर भांडी घासायचं लिक्विड थोडंसं. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. रात्रभर नको, कारण तोच, गोंद.

मग पॅडाचं तोंड वर करून अंगठ्यांनी मळायचं, मधून बाहेर. मऊ ब्रश हलका फिरवला तरी चालतो. नळाखाली धरून तळहाताने दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पिळायचं मात्र अजिबात नाही. फडकं पिळतो तसा पीळ दिला की कडेने फोम फाटतो आणि गोंद उचकटतो. दाबल्यावर निघणारं पाणी आधी दुधाळ असतं, मग करडं, मग स्वच्छ. गाडी काळी असेल आणि सिंगल-स्टेज रंग (वर क्लिअरकोट नसलेला) असेल तर काळं पाणी बघून घाबरू नका, तो गाडीचाच रंग आहे. फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत खळबळत राहा. साबण आत राहिला तर पुढच्या वेळी कंपाउंड नीट पसरत नाही, पॅड घसरल्यासारखं चालतं.

पाण्याबद्दल एक सांगतो. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फुटत नाही आणि फोम वाळल्यावर कडक लागतो. आमच्याकडे पाऊस भरपूर, मी शेवटचं खळबळणं पन्हळीच्या पाण्यात करतो. पहिल्या सरीचं सोडून द्यायचं, कौलांवरचं शेवाळ आणि धूळ त्यात येते. नंतरचं पाणी फडक्यातून गाळून ड्रममध्ये. मऊ पाणी, वर फुकट. आरओचं वाया जाणारं पाणी वापरायचा मोह होतो काही जणांना. नको. बोअरपेक्षा ते जास्त जड असतं.

आणि हे धुतलेलं पाणी आडाजवळ किंवा परसात ओतू नका हो. कंपाउंडात सॉल्व्हंट असतात. न्हाणीघराच्या गटारात जाऊ द्या.

केए२३_गॅरेज

वाचून मजा वाटली राव. आमच्या निपाणीत गॅरेजमध्ये पॅड धुवायला वेळ कुणाला हाय? लोकरीचं पॅड रोटरीला, म्हंजे नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनला, लावायचं, स्क्रू-ड्रायव्हरची दांडी आडवी धरायची, भुर्रकन फिरवायचं, सगळी घाण भिंतीवर. झालं पॅड साफ. गाळप हंगामात कारखान्याची काजळी येऊन पडती गाड्यांवर, त्यात कुणाची गाडी कुठं धूत बसायची?

उद्यमबाग_अण्णा

भाऊ, तुमची दांडीची युक्ती खोटी नाही. लोकर मोकळी करायला त्यासाठी दातेरी चाकाचं हत्यार मिळतं, काम तेच. पण त्याने जटा सुटतात. आतला तेलकट भाग तसाच राहतो. दिवसाला चार गाड्या करणाऱ्याचं पॅड वाळायच्या आत पुन्हा कामाला लागतं, म्हणून त्याचं भागतं. हे साहेब वर्षातून दोनदा मशीन काढणार. मधल्या सहा महिन्यांत ते पॅड काय होतं, हे त्यांच्या मेव्हण्याच्या पिशवीत दिसलंच की.

आणि काजळीचं म्हणाल तर ती आधी गाडीवरून भरपूर पाण्याने उतरवा. काजळीवर पॅड फिरवलं तर पॅड कितीही स्वच्छ असो, उपयोग शून्य.

केए२३_गॅरेज

ते मान्य अण्णा. काजळीवर कोण पॅड लावतंय, आधी प्रेशर मारतोच. पण लोकरीचं धुवायचं झालंच तर सांगतो, गार पाण्यात धुवा. गरम पाण्यात खरी लोकर आटती, घोंगडं आटतं तशी, आणि मग ते पॅड ना वाकतंय ना कापतंय. शाम्पू चालतो. धुतल्यावर मशीनला लावून सावकाश फिरवायचं, धागे उभे राहतात.

वडगाव_माग

मी वेगळाच प्रश्न विचारतो. आमच्या गल्लीत एकजण पॅड रॉकेल नाहीतर थिनरने धुतो. म्हणतो मिनटात साफ होतंय. खरंय काय? आणि कपड्याची पावडर चालेल की नाही? घरात तीच हाय, लिक्विड कोण आणुलालंय!

खानापूर_लाल_माती

रॉकेल, थिनर, पेट्रोल, तिन्ही नकोत. फोम फुगतो, गोंद विरघळतो. साफ झालेलं दिसतं खरं, पण पुढच्या वापरात वेल्क्रो प्लेटला चिकटून राहतो आणि फोम गाडीवरून उडत शेजाऱ्याच्या अंगणात जातो. शिवाय तापलेल्या मशीनला रॉकेलात भिजलेलं पॅड लावणं हा जिवाशी खेळ आहे.

पावडर नको, कारण न विरघळलेले दाणे छिद्रात राहतात. अगदीच नाइलाज असेल तर आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळून घ्या. ब्लीच असलेली तर बिलकूल नको.

शहापूरची_सून

मी सहसा वाचूनच जाते, पण मायक्रोफायबरचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरी गाडीची सगळी उठाठेव मीच करते, ह्यांना त्यात रस नाही.

मायक्रोफायबरचं पॅड मी वॉशिंग मशीनमध्ये धुते आणि ते टिकतं. जाळीच्या पिशवीत घालून, नाजूक कपड्यांच्या सायकलला, गार पाण्यात, ईझीसारख्या लिक्विडने. कम्फर्ट वगैरे कपडे मऊ करणारं काही घालायचं नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पॅड नुसतं फासत बसतं, उचलत काही नाही. सुती कपड्यांबरोबर तर अजिबात नको. माझ्या सासरी माग होता. सुताचा कचरा कुठे कुठे जाऊन बसतो ते मला विचारा! सुती टॉवेलबरोबर धुतलेलं मायक्रोफायबर हातात घेऊन उजेडात धरा, धाग्यांच्या टोकांना पांढरा कापूस अडकलेला दिसेल. तो नखांनी निघत नाही. चिकटपट्टीने थोडा निघतो, बाकीचा गाडीवर उतरतो.

फोम मात्र मी मशीनमध्ये घालत नाही. भिजलेला फोम जड होतो, ड्रमच्या आपटण्याने कडा फाटतात.

आता स्पिनर. तिसऱ्या गेटवाल्या दादांनी विचारलंय ते चालतं, पण धुऊन, हाताने दाबून पाणी काढल्यावर. पॅड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळायचं, समोरासमोर दोन ठेवायची म्हणजे तोल राहतो, आणि मिनिटभर फिरवायचं. पावसाळ्यात ह्या एका मिनिटाने एक अख्खा दिवस वाचतो. नंतर स्पिनर रिकामाच पाण्याने धुऊन घ्या. नाहीतर पुढच्या खेपेला सासूबाईंच्या पांढऱ्या साडीला कंपाउंडचा वास येईल, आणि मग गाडी विकायची वेळ येईल.

तिसरं_गेट_टिळकवाडी

ताई, शेवटचा मुद्दा नोंदवून घेतला. आमच्याकडे सासूबाई नाहीत, पण आई आहे, आणि स्पिनर तिचा आहे.

कुणीतरी असंही सुचवलं की पॅड मशीनलाच लावून रिकाम्या बादलीत फिरवायचं, सगळं पाणी बादलीच्या कडेला उडून जातं. हे घरी करावं का?

उद्यमबाग_अण्णा

करतात, मीही करतो, पण विजेचं मशीन असेल तर जरा विचार करून. पॅड आधी दाबून निथळवलेलं असावं, म्हणजे मशीनमध्ये पाणी जाण्याइतकं पाणीच उरत नाही. बादलीच्या काठाच्या बरंच खाली, सगळ्यात कमी वेगावर. पायात चप्पल, हात कोरडे, आणि मशीन गळत्या नळाच्या जवळ नको. हवेची भोकं बादलीच्या बाहेर राहिली पाहिजेत. घरात ईएलसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर सरळ ताईंचा स्पिनर वापरा.

वाळवण्याचं कुणी सांगितलं नाही अजून. पॅडाचं तोंड खाली, वेल्क्रो वर. पाणी खाली उतरतं आणि गोंदाजवळ साचत नाही. उलटं ठेवलंत तर सगळं पाणी नेमकं गोंदाच्या थरात जाऊन बसतं. जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. जुनी कूलरची जाळी, भाजीचा ट्रे, काहीही. वर पंखा. कडक उन्हात दिवसभर ठेवलंत तर फोम पिवळा पडतो आणि पुढे चुरायला लागतो. सध्या ऊन आहे कुठे म्हणा! हेअर ड्रायर, इस्त्री, चुलीजवळची फळी, हे सगळं वर्ज्य.

खानापूर_लाल_माती

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, पंख्याखालीही दोन-दोन दिवस लागतात. वरून कोरडं लागतं, पण मध्यभागी दाबलं की गार लागतं. तोवर डब्यात बंद करू नका. आत बुरशी धरते, काळे ठिपके येतात आणि कुबट वास काही केल्या जात नाही. मी पॅड गालाला लावून बघतो. गार लागलं तर अजून ओलं. हसू नका, आजी पापडाचं असंच बघायची.

तिसरं_गेट_टिळकवाडी

ताजी खबर. आज रविवार सत्कारणी लावला.

खडखडीत फोम कोमट पाण्यात ठेवल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही, लाकडाच्या फळीसारखा तरंगत होता. हाताने दाबून बुडवला तेव्हा कडेने बारीक बुडबुडे यायला लागले. मग अंगठ्याखाली एकेक पापडी सैल झाली आणि पाणी ताकासारखं दिसू लागलं. तीनदा पाणी बदललं. पिवळं आणि पांढरं अगदी मऊ झालं, दाबून सोडलं की परत फुगतं. निळ्याचा मधला भाग मात्र दाबला की दबूनच राहतो, खड्डा पडल्यासारखा. आणि एका बाजूला वेल्क्रोचा थर बोटभर सुटलाय. फेव्हिक्विक लावू का?

उद्यमबाग_अण्णा

नका लावू. मधला भाग बसला म्हणजे तो तापून गेलाय. सगळ्यात जास्त उष्णता मध्यभागीच साठते, म्हणून तर बऱ्याच पॅडांना मधे भोक असतं. फेव्हिक्विक वाळल्यावर काचेसारखं कडक होतं, तेवढाच भाग जड नि ताठ राहतो आणि पॅड थरथरत चालतं. डीए मशीन मिनिटाला चार हजारांवर हेलकावे घेतं. सुटलेला थर तिथे तग धरणार नाही.

फोम मागून उचकटणं, कडा तुटणं, मधे बसणं, यातलं एक जरी दिसलं तरी ते पॅड रंगावर फिरवायचं नाही. फेकूनही देऊ नका. टायरला ड्रेसिंग लावायला हाताने वापरा. आणि त्याच वेळी मशीनच्या बॅकिंग प्लेटवरचे, म्हणजे पॅड चिकटतं त्या चकतीवरचे, वेल्क्रोचे आकडेही बघा. वितळून आडवे झाले असतील तर नवं पॅडही धरणार नाही. आकड्यांत अडकलेला कचरा जुन्या टूथब्रशने काढायचा.

वडगाव_माग

सिरॅमिक कोटिंग लावलेलं स्पंज पण असंच धुवायचं काय?

खानापूर_लाल_माती

नाही. कोटिंग हवेने कडक होतं, काचेसारखं. ते धुऊन निघत नाही आणि पुन्हा वापरलं तर ओरखडे. कोटिंगचा स्पंज आणि त्याचं फडकं एकदा वापरून सोडून द्यायचं. मेणाचं पॅड धुता येतं, पण ते कायम मेणालाच ठेवा. कंपाउंडचं पॅड कितीही धुतलं तरी त्याने मेण लावू नये, आणि मेणाच्या पॅडाने कापायला जाऊ नये. मी मागच्या कापडावर मार्करने "क" आणि "मे" लिहून ठेवतो आणि वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवतो. पिशवी बंद करताना हवा काढून टाकायची नाही, फोम दबून राहतो.

शहापूरची_सून

पॅडांवर पॅडं रचून वर कंपाउंडच्या बाटल्याही ठेवू नका. फोमला वळ पडतात.

तिसरं_गेट_टिळकवाडी

ठीक. निळं टायरच्या सेवेत रुजू झालं. पिवळं, पांढरं आणि मायक्रोफायबर जाळीवर पंख्याखाली आहेत, तोंड खाली. कापायला नवी दोन मागवतो. लोकरीच्या पॅडाचं मात्र माझ्याकडे काही काम नाही, रोटरी नाहीच माझ्याकडे. धुऊन, जटा सोडवून ठेवलंय. निपाणीकर, हवंय का? सीबीटी बसस्टँडवरून बसमध्ये कुणाच्या तरी हाती देतो.

केए२३_गॅरेज

द्या की. मोकळंच पाठवू नका तेवढं, सोबत बेळगावचा कुंदा (मिठाई) घाला. आणि वेगळ्या पिशवीत घाला हां, पॅडाबरोबर नको.